देठासकट

शेजारच्या बाई मेलबर्नला दोन आठवड्यांसाठी म्हणून गेल्या आणि आठ महिने तिकडेच राहिल्या. यात त्यांचा काही दोष नव्हता. साथीच्या त्या काळात आमच्या राज्याने आपली सीमा घराच्या कडीसारखी वापरली. आज काढली, उद्या लावली. त्या निघाल्या तेव्हा कडी काढलेली होती. बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तिला पंधरा दिवस करून वाढायचं आणि परत यायचं, एवढाच बेत होता. त्या तिथे पोचल्या आणि मागे कडी लागली.

जायच्या आदल्या दिवशी त्या आमच्याकडे एक टांगती कुंडी घेऊन आल्या. कुंडी लहान आणि तिच्यातून उतरलेला वेल दोन-दोन हात लांब. पानं जाड, चामड्याच्या तुकड्यांसारखी. होया म्हणतात याला. मूळचा दमट जंगलातला, मोठ्या झाडांच्या खांद्यावर वाढणारा वेल, आणि बाईंनी तो आमच्या या वाळवंटी खाणगावात, कालगुर्लीत जगवला होता, जिथे टॉवेल दोरीवर घालून वळेपर्यंत वाळतो. घरभर ओला वारा फेकणारा कूलर आणि पूर्वेची खिडकी यांच्यामध्ये टांगायचा, ही त्यांची युक्ती. कुंडीबरोबर त्यांनी मला एक कागद दिला. टाईप केलेला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. वर झाडाचं लॅटिन नाव, त्याखाली रेघ, आणि मग अकरा नियम, आकडे घालून.

त्या निवृत्त ग्रंथपाल होत्या, हे सांगायला नकोच.

मी कागदाबद्दल आभार मानले, पहिले दोन नियम वाचले (पाणी कमी, कुंडी बदलू नये) आणि तो कटलरीच्या खणात टाकला. मला अशा कागदांचा कंटाळा होता, आणि त्याला कारण होतं. मी खाणीच्या लॅबमध्ये काम करते. दगडाच्या पिठात सोनं किती आहे ते सांगायचं, हे काम. तिथे शिडी चढायची कशी याचा कागद चार पानांचा आहे आणि त्यातली दोन पानं मीच लिहिली आहेत. दिवसाची सुरुवात मीटिंगने होते आणि तिच्यात आज कुठल्या मीटिंगा आहेत ते सांगतात. घरी यावं तर पर्थच्या मराठी मंडळींचा गणपती स्क्रीनवर बसलेला. त्याच्या उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे पाच मिनिटं माईक बंद ठेवून बोलले. कोणी त्यांना सांगितलं नाही, कारण भाषणात काही कमी पडत नव्हतं. एकूण, गंभीर चेहऱ्याने मांडलेली कुठलीही गोष्ट अर्धी वाचून बाजूला ठेवायची, हा माझा स्वभाव झाला होता. मी त्याला शहाणपण समजत असे.

आई तेव्हा माझ्याकडे होती. तीन महिन्यांसाठी आली होती, ती दीड वर्ष झालं तरी इथेच. आधी विमानं बंद झाली, मग विमानं मिळेनाशी झाली, आणि मग पुण्यात ती दुसरी लाट आली, तेव्हा तिने स्वतःच जायचं नाव काढणं सोडलं. रोज कोणाचं तरी नाव फोनवर यायचं. सकाळी ती आधी पूजा करायची आणि मग फोन उघडायची. फोनमध्ये काय आहे ते कळायच्या आत देवाशी बोलून झालेलं बरं, असं तिचं म्हणणं.

तिने कुंडी चारी बाजूंनी पाहिली.

"मातीच नाही हिच्यात. नुसत्या साली."

"त्याला माती लागत नाही. झाडावर वाढतो तो."

"म्हणजे बांडगूळ."

"नाही ग. बांडगूळ झाडाचा रस पितं. हा नुसता टेकतो. खाणंपिणं स्वतःचं."

"मग भाडेकरू म्हण," आई म्हणाली. "त्या कागदावर काय लिहिलंय एवढं?"

"काही नाही. पाणी बेताने घाल."

हे वाक्य मला नंतर फार वेळा आठवलं. आई मराठी शाळेत शिक्षिका होती. तिचं इंग्रजी बोलणं नामांपुरतं, पण बोट ठेवून वाचलं तर वाचता येत होतं. तिने कागदाबद्दल विचारलं होतं आणि मी तो तिला दिला नाही.

आता आई आणि बाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढे पणाला लागली ती त्यांची मैत्रीच. आईला या गावात एकच मैत्रीण होती. मी बारा तास कामावर असे. गावातले दोन-चार मराठी डॉक्टर हॉस्पिटलात बुडालेले. उरल्या शेजारच्या बाई. सुरुवात लिंबांपासून झाली. त्यांच्या परसात लिंबाचं झाड आहे. त्यांनी पिशवीभर लिंबं दिली, आईने बरणीभर लोणचं दिलं, आणि आठवड्याने बरणी स्वच्छ धुऊन परत आली.

"रिकामी?" आईने मला विचारलं. "रिकामी परत केली?"

"इथे तसंच करतात."

"चुकीचं करतात."

पुढल्या वेळी तिने स्वतःच बरणी कुंपणावरून देताना आत बोट घालून दाखवलं आणि मान हलवली. बाईंना काय समजलं कोण जाणे, पण तेव्हापासून बरणी भरून यायला लागली. कधी बदाम, कधी बिस्किटं, एकदा नुसती बटणं. मग रोज दुपारी चारला दोघी बाईंच्या व्हरांड्यात बसू लागल्या. चहा, आणि आपापल्या भाषेत बोलणं. सुट्टीच्या दिवशी मी दुभाषी. मी असले की दोघी हवापाण्यावर बोलायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी नसले की, बाईंच्या म्हणण्याप्रमाणे, "खूप गप्पा" व्हायच्या.

बाई मेलबर्नला अडकल्यावर आईचे चार वाजायचे थांबले. पण बाईंनी संबंध सुटू दिला नाही. बहिणीचं घर मेलबर्नात क्लेटनच्या बाजूला होतं. तिथल्या भारतीय दुकानात जाऊन त्या फळीचे फोटो काढून पाठवायच्या, आणि आई स्क्रीनवर बोट ठेवून सांगायची: हा हिंग, तो नको, पिवळ्या डबीतला. आणि पोस्टाने हिंग यायचा. आमच्या गावात हिंग मिळत नव्हता असं नाही. मी तो विषय काढला नाही. बदल्यात आई रोज होयाचा फोटो पाठवायची. एकच खिडकी, एकच वेल. त्यात दिवसागणिक काही फरक नसायचा, तरी बाई रोज अंगठा दाखवायच्या.

ऑक्टोबरात वेलाला कळ्या आल्या. वेलावर जागोजाग बोटाच्या पेराएवढे खुंट होते, जुने, खरबरीत. मला ते वाळके वाटले होते. त्यांच्याच टोकांना गुलाबी कळ्यांचे झुबके धरले आणि आठवड्याभरात उमलले. एका झुबक्यात वीस-पंचवीस लहान चांदण्या, मेणाच्या साच्यातून काढल्यासारख्या, मधोमध लाल ठिपका, आणि त्यावर मधाचा थेंब. आईने एका पाकळीला नख लावून पाहिलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "मला वाटलं शो-पीस."

पहिल्या झुबक्याचा फोटो बाईंना गेला. त्यांचं उत्तर लगेच आलं. त्यांनी तो बहिणीला दाखवला होता आणि स्वतः जरा रडल्या होत्या.

पुढचं समजायला आईच्या पूजेचं सांगायला हवं. पुण्यात ती सकाळी पिशवी आणि आकडी घेऊन निघायची. कुंपणाबाहेर आलेलं फूल सगळ्यांचं, हा तिच्या गल्लीतला कायदा होता आणि घरमालक सोडून सगळ्यांना मान्य होता. इथे आमच्या अंगणात लाल माती, कपड्यांची दोरी आणि एक निलगिरी. सुपरमार्केटातले गुच्छ मी आणून पाहिले. ते मटणाच्या काउंटरशेजारी ठेवतात हे कळल्यावर तिने ते दिवाणखान्यात ठेवून दिले, माझ्यासाठी. देवाला ती अक्षता वाहायची. जे नसेल त्याच्या जागी अक्षता, अशी सोय आपल्याकडे आहेच. फूल नाही, अक्षता. वस्त्र नाही, अक्षता. दीड वर्ष तिच्या देवांनी तांदळावर काढलं. आणि त्याच दीड वर्षात तिने त्यांच्याकडे आयुष्यातलं सगळ्यात जास्त मागणं मागितलं होतं. तिच्या बहिणीसाठी, वरच्या मजल्यावरच्या जोशीणबाईंसाठी, शाळेतल्या तीन बायकांसाठी. त्यातलं सगळं मिळालं नाही.

घरात, देवाच्या कोपऱ्यापासून पाच पावलांवर फुलं आली, तेव्हा ती तोडायची की नाही हा प्रश्न तिला पडलाच नाही. तिने तोडली ती सुद्धा हावरटासारखी नाही. दर शुक्रवारी एक झुबका. आणि तोडायची ती देठासकट. फूल वाहताना देठ देवाकडे हवा; बिनदेठाचं फूल म्हणजे नुसत्या पाकळ्या, असं तिला तिच्या आईने शिकवलेलं. म्हणून ती छोट्या कात्रीने खुंट मुळापासून, अगदी वेलाला चिकटून, सफाईने कापायची. मी चहा पीत बघत असे. नऊ शुक्रवार, नऊ खुंट. डिसेंबर लागेपर्यंत वेल गुळगुळीत झाला होता आणि मला तो नीटनेटका वाटला होता.

जानेवारीत एका संध्याकाळी बाईंचा मला फोन आला.

"दुसरा बहर यायला हवा आता," त्या म्हणाल्या. "खुंटांवर कळ्या दिसतात का?"

"नाही अजून."

"विचित्र आहे. सात नंबर पाळताय ना?"

मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि कटलरीचा खण उघडला. कागद चमच्यांखाली होता. सातवा नियम असा: फुलं गळाल्यावर उरलेले देठ कधीही कापू नयेत. पुढची फुलं त्याच देठांवर येतात. दर बहराला देठ थोडा लांबतो. यातले काही देठ मी या गावात आले तेव्हापासूनचे आहेत.

त्या या गावात लग्न होऊन आल्या होत्या. चाळीस वर्षं तरी झाली असतील.

मी कागद परत चमच्यांखाली ठेवला. लॅबमध्ये एखादा नमुना माझ्या हातून बिघडला तर त्याची नोंद करायची असते, कोणी, केव्हा, का. तो रकाना मीच आखलाय. इथे मी काय केलं? दुसऱ्या दिवशी बाईंना लिहिलं की जागा बदलल्यामुळे वेल रुसला असेल. त्यांनी लिहिलं, शक्य आहे, नो वरीज. आणि आईला मी काहीच सांगितलं नाही. कारण मी स्वतःला असं दिलं की तिला वाईट वाटेल. खरं कारण असं की तिने विचारलं असतं, कागदावर हे होतं का.

फेब्रुवारीत सीमा उघडणार म्हणून गाजावाजा झाला होता. बाईंनी बॅग भरली. मग पुन्हा जाहीर झालं की नाही, एवढ्यात नाही. जाहीर करणाऱ्यांच्या मागे दोन झेंडे होते आणि शेजारी खुणांच्या भाषेतला दुभाषी. तो बिचारा एकटाच मनापासून बोलत होता. त्या दिवशी बाईंनी व्हिडिओ कॉल केला. थकलेल्या दिसत होत्या.

"मला माझी होया दाखवा," त्या म्हणाल्या. "जवळून."

मी उठायच्या आत आईने फोन घेतला. ती शाळेत तक्ता दाखवायची तसा तिने तो वेलावरून वरून खाली फिरवला, सावकाश, कुठे काही राहू नये असा. मग बाई म्हणाल्या, "कापलेत. सगळे कापलेत."

"काय म्हणाली?" आईने मला विचारलं.

"म्हणते, छान ठेवलाय."

आईने फोन आपल्याकडे वळवला आणि त्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नीट सांग."

"आई..."

"छान ठेवलाय म्हणणाऱ्याचं तोंड असं नसतं. नीट सांग."

मी सांगितलं. देठ कापायचे नसतात, त्यांच्यावरच पुन्हा फुलं येतात, ते जुने होते. बाई पलीकडे थांबून राहिल्या होत्या. आम्ही मराठीत बोलत होतो तेवढा वेळ त्यांना दिसत होतंच. आईने कात्री ठेवलेल्या खिडकीकडे एकदा बघितलं.

"तिला सांग, मी कापले. देवाला वाहिले."

"तू का सांगतेस? चूक माझी आहे. कागदावर लिहिलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

"ते आपण मागून बघू. कापले मी. सांग."

मी सांगितलं. दोन्ही सांगितलं, आईचंही आणि माझंही. माझं इंग्रजी कधी नव्हे ते अडखळलं. बाईंनी ऐकून घेतलं. नंतर म्हणाल्या, "ठीक आहे, लव्ह. झालं ते झालं." हसल्या सुद्धा. मग बहीण हाक मारतेय म्हणाल्या आणि फोन ठेवला. हाक आम्हाला ऐकू आली नव्हती.

आईने कागद मागितला. टेबलाशी बसून, बोट ठेवून, अकरा नियम वाचले. तास लागला. सातव्यापाशी ती थांबली नाही, पुढे गेली, शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "किती नीट लिहिलंय. तू याला हसलीस ना?"

मी कागद उचलायला हात पुढे केला.

"हसलीस. कुंडी आली तेव्हा मी बघत होते. तुला जो माणूस मनापासून काही सांगतो त्याचं तुला हसू येतं. लहानपणापासून."



त्यानंतर बाईंचा फोन आला नाही. आई रोज फोटो पाठवायची, त्यावर अंगठा यायचा, पण आधी मिनिटात यायचा तो रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी. हिंगाची चौकशी बंद झाली. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की खिडकीची काच थरथरते. तिच्या मागोमाग चार वाजतात. आई तेव्हा आमच्याच पायरीवर चहा घेऊन बसायची, तोंड शेजारच्या रिकाम्या व्हरांड्याकडे. पुण्याची विमानं सुरू झाली होती. मी तिकिटाचं विचारलं.

"ती आल्यावर," आई म्हणाली.

"आणि ती बोललीच नाही तर?"

"तर न बोललेली बघून जाईन."

देवाला पुन्हा अक्षता सुरू झाल्या होत्या. दुसरं काही मिळतंय का हेही तिने मला विचारलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला सीमा उघडली आणि त्याच आठवड्यात बाई परतल्या. टॅक्सी थांबलेली आम्हाला ऐकू आली. त्या कुंपणापाशी आल्या नाहीत. मी म्हटलं, प्रवासाने दमल्या असतील. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने केस विंचरले, धुवट साडी नेसली आणि म्हणाली, "कुंडी उचल."

मी कुंडी घेतली. बाईंच्या फाटकापर्यंत गेलो. तिथे तिने हात पुढे केले.

"दे इकडे. तू जा."

"जड आहे. आणि बोलणार कशी?"

"तू जा घरी."

मी घरी आले आणि, खोटं कशाला बोलू, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. तिथून त्यांचा व्हरांडा दिसतो. दार उघडलं. आईने कुंडी पुढे केली, बाईंनी घेतली नाही. आईने ती खाली ठेवली. मग वेलाची एकेक फांदी उचलून ती दाखवू लागली, जिथे जिथे कापलं होतं ती ती जागा, आणि प्रत्येक जागेला बोट वर करायची. एक. दोन. तीन. तिने नऊ मोजले. बाई बोलू लागल्या. ऐकू येत नव्हतं, पण हात दिसत होते. ग्रंथालयात चाळीस वर्षं हळू बोललेली बाई मोठ्याने बोलत होती. पाय फरशीवर आपटून काही तरी सांगत होती. आई मान खाली घालून उभी नव्हती. सरळ बघत ऐकत होती, मधूनच हो म्हणत होती. माझा हात दाराच्या मुठीवर गेला आणि मी तो काढून घेतला. मग बाई खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळाने आई दुसऱ्या खुर्चीवर बसली. चहा झाला नाही.

तासाभराने आई आली. पाय धुतले, पाणी प्यायली.

"काय झालं?" मी विचारलं.

"रागावलीय. खूप रागावलीय."

"मग?"

"मग काही नाही. बरं वाटलं."

"रागावली आणि बरं वाटलं?"

"तोंडावर रागावली ना. त्या दिवशी तू मध्ये होतीस, तर हसून दाखवलं तिने. आपल्या माणसापुढे कोणी तसं हसतं का?" तिने पदराला हात पुसले. "उद्या चारला जायचंय मला. तिने घड्याळ दाखवून सांगितलं."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. पावणेचारला आई चपला घालून निघाली, आणि मी उठतेय असं दिसल्यावर म्हणाली, "तू बस."